दुसऱ्या असिस्टची चौकट

९ जानेवारी, मंगळवार
उणे चौतीस. इंजिन गोठू नये म्हणून गाडी रात्रभर हीटरच्या प्लगला लावून ठेवली होती, तरी सुरू होताना कुरकुरलीच. पोस्टात जाऊन आले तेवढ्यात पापण्यांवर बर्फ धरला.

हार्वीचा फोन आला. आमच्या ज्युनियर आइस हॉकी लीगला यंदा पंचाहत्तर वर्षं होतायत, म्हणून सर्वकाळच्या पंचवीस श्रेष्ठ खेळाडूंची यादी करायला सात जणांची समिती आहे आणि तिचा अध्यक्ष हार्वी. मी समितीवर का, तर ब्रॅन्सफोर्डच्या रिंकवर अडतीस वर्षं मी अधिकृत स्कोअरर होते. शेवटी एक मोठ्ठं घड्याळ देऊन घरी पाठवलं, ते दोन महिन्यांत बंद पडलं.

तीन ते पंचवीस नंबरांवर फारशी भांडणं झाली नाहीत. अडलंय ते पहिल्यावर. एकीकडे आमचा ड्वेन मॅकफेल, सेंटर, नऊ नंबर. दुसरीकडे सेंट-बेनवा गावचा लुसियाँ देशेन, तोही सेंटर, पन्नासच्या दशकातला. कप दोघांचे दोन-दोन. दोघेही पुढे मोठ्या लीगमध्ये गेले. तीन मतं इकडे, तीन तिकडे, आणि मी अजून तोंड उघडलेलं नाही. हार्वी म्हणाला, "मार्लीन, भावना बाजूला ठेवू. एका हंगामातल्या सगळ्यात जास्त पॉइंटांचा विक्रम ज्याचा, तो पहिला. मान्य?"

सगळ्यांना मान्य. विक्रम ड्वेनचा आहे. एकशे एकोणीस पॉइंट, देशेनचे एकशे अठरा.

मीसुद्धा मान्य म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

१२ जानेवारी, शुक्रवार
रिंकवर कॉफीला गेले. यादीची बातमी फुटली आहे. कोपऱ्यातल्या टेबलावर बर्ट नुसता पेटला होता. हा बर्ट तीस वर्षं बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवत होता, त्यामुळे सगळं हॉकी आपल्याच चाकांखालून गेलंय असं त्याला वाटतं.

"देशेन? अरे, त्याच्या वेळी गोलकीपर मुखवटासुद्धा घालत नसत. तो रबरी पक तोंडाजवळ आला की तेच वाकायचे. गोल करायला अक्कल लागते होय?"

"पण बर्ट, तो बावन्नच सामने खेळला," मी म्हटलं. "आपला साठ."

"तू कुणाच्या बाजूची गं? सेंट-बेनवाला माहेर काढलंस की काय?"

सगळे हसले. ऑरेस्ट, म्हणजे माझा नवरा, खिडकीशी बसून पेस्ट्रीमधल्या बेरी चमच्याने वेगळ्या काढून खात होता. त्या विक्रमी हंगामात तो ड्वेनच्या संघात होता, सोळा नंबर, डावा विंग. त्याला कुणी काही विचारलं नाही. कधीच विचारत नाहीत. निघताना बर्टच त्याला म्हणाला, "तू तर जवळून पाहिलंस बाबा त्याला. सांग ना, होता ना पहिला?"

ऑरेस्ट म्हणाला, "फेसऑफला पक जिंकण्यात त्याच्यासारखा कुणी नव्हता." आणि कोट घालायला उठला. गुडघा दुखत असला की उठताना टेबल धरतो, तसं धरलं.

ड्वेन पहिला आला तर रिंकला त्याचं नाव देणार आहेत. फलक रंगवून तयार आहे, बर्टच्या शेडमध्ये उलटा करून ठेवलाय म्हणे. तीन फेब्रुवारीला लीगचं जेवण, त्यात यादी जाहीर होणार आणि फलक उघडणार.

१३ जानेवारी, शनिवार
समितीत जोसी कार्डिनल म्हणून एक मुलगी आहे, विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते. मुलगी म्हणजे चाळिशीची असेल. तिचा फोन आला.

"मार्लीनबाई, विक्रमावरच ठरणार असेल तर त्या दोन हंगामांची मूळ गेमशीटं बघायला हवीत. लीगच्या पांढऱ्या प्रती तर कार्यालयाच्या आगीत गेल्या. ब्रॅन्सफोर्डच्या सगळ्या सामन्यांच्या गुलाबी प्रती तुमच्याकडे असतात असं कळलं."

असतात. तळघरात, खोक्यांत, हंगामानुसार. मी म्हटलं बघते.

खाली उतरून सगळं ७८-७९चं खोकं उपसलं. एकोणसाठ शीटं सापडली. साठावं नाही. तीन मार्चचं, शेवटच्या सामन्याचं. नेमकं तेच.

एवढ्यात जिन्यावर पावलं. ऑरेस्ट वर्षातून दोनदा तळघरात उतरतो, तेही घर तापवायची भट्टी बंद पडली तर. आज कठड्याला धरून धरून आला.

"काय शोधतेस?"

"एक शीट मिळत नाही. पंचाण्णव साली पाणी शिरलं होतं, त्यात गेलं असेल का?"

त्याने खोक्याकडे पाहिलं. "पाणी त्या भिंतीला होतं," म्हणाला. मग, "जाऊ दे, वर ये. बीटचं बोर्श्ट गरम केलंय."

इथे लिहूनच टाकते. ही वही दुसरं कुणी वाचत नाही.

त्या शेवटच्या सामन्यात दोन मिनिटं उरली असताना ड्वेनचे एकशे अठरा होते. देशेनशी बरोबरी. सगळं गाव पाय आपटत होतं, माझी स्कोअररची काचपेटी थरथरत होती. ड्वेन दमून बदलीला बाहेर आला आणि समोरच्या बाकावर बसला. तेवढ्यात आमचा पाचवा गोल झाला. रेफरी माझ्या काचेच्या फटीशी आला आणि नेहमीसारखे आकडे सांगून गेला. "बारा. चार, सोळा." म्हणजे गोल बाराचा, शेवटचा पास चारचा, त्याआधीचा सोळाचा. पास देणाऱ्या दोघांनाही असिस्ट म्हणून एकेक पॉइंट.

मी बारा लिहिलं. चार लिहिलं. दुसऱ्या असिस्टच्या चौकटीत नऊ लिहिलं.

आणि माइकवर तसंच वाचून दाखवलं. छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. सामना आम्ही जिंकलेलाच होता, कुणाचं काही बिघडलं नाही. समोरच्या संघाने हरकत घेतली नाही. गावासाठी केलं मी ते. त्या वर्षी ओळीने दुसऱ्यांदा पीक गारपिटीत गेलं होतं, लोकांना एक चांगली गोष्ट हवी होती.

ड्वेनने हेल्मेट काढलं होतं, ओल्या केसांतून वाफ निघत होती. नाव ऐकून आधी त्याला कळलंच नाही. मग काठी वर करून माझ्याकडे बघितलं. गावाकडे, म्हणजे. गाव माझ्या मागेच बसलं होतं.

सोळा नंबरला त्याच पासात मार बसला आणि गुडघा गेला. ऑरेस्टचा तो शेवटचा सामना ठरला. त्याला कुणी आपटलं, कसं आपटलं, मला आठवत नाही. मी लिहीत होते.

१७ जानेवारी, बुधवार
ड्वेनचा फोन! व्हँकुव्हरहून. हार्वीने नंबर दिला म्हणे.

आवाज तसाच आहे. जेवणाला नक्की येतोय, बायकोलाही आणतोय. तिसरी. म्हणाला, "ऐकलं की सगळं तुझ्या कागदांवर आलंय. सांभाळ हं मला, मॅरिलिन!"

लाइन फार खरखरत होती.

मी विचारलं, "तो शेवटचा असिस्ट आठवतो?"

"कुठला? अगं, हजारभर असतील. रेफरीने दिला, मी घेतला." आणि खूप हसला. मग, "आपला तो डावा विंग, गुडघेवाला, आहे का अजून तिथेच?"

मी म्हटलं आहे, माझाच नवरा आहे.

"काय सांगतेस! भला माणूस. सांग त्याला, विचारलं म्हणून."

ऑरेस्टला सांगितलं. तो तळ्याच्या बर्फाला भोक पाडायच्या मासेमारीच्या ड्रिलला तेल घालत होता. "नाव घेतलं का माझं?" त्याने विचारलं. मी म्हटलं हो, घेतलं की. एवढंसं खोटं बोललं तर कुठे बिघडतं?

दुपारी मी केस कापून आले. केव्हापासून राहिलंच होतं.

२० जानेवारी, शनिवार
जोसीने ईमेलवर एक फोटो पाठवला. जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण. तीन मार्च एकोणऐंशीचा सामना. पाचवा गोल जाळ्यात, आमचा बारा नंबर लॉयड फ्रीसन हात वर करून, मागे घड्याळावर वेळ स्वच्छ दिसते. आणि डाव्या कडेला आमचा बाक. बाकावर नऊ नंबर. बसलेला.

खाली तिने लिहिलंय, "मार्लीनबाई, पास देऊन गोल व्हायच्या आत कुणी बाकावर जाऊन बसू शकत नाही. पासाच्या वेळी नऊ नंबर बर्फावर होता का? तुम्हाला आठवत असेल तर सांगा. मी अजून कुणाला दाखवलेलं नाही."

मी खुर्चीवरून उठले आणि कारण नसताना भांडी घासायला घेतली. मुलगी वाईट नाही, हेच वाईट आहे. आरोप केला असता तर मी भांडले असते. ती विचारते आहे.

एक मन म्हणतं, सांगून टाक की आठवत नाही. एकोणसत्तर वर्षांच्या बाईला नाही आठवत, कोण काय म्हणेल? दुसरं मन म्हणतं, अडतीस वर्षांत तुझ्या एका शीटवर कुणी बोट ठेवलं नाही, तो तुझा एकच मान आहे गावात, तो या एका खोट्या चौकटीवर उभा राहू देऊ नकोस. पण खरं सांगितलं तर ड्वेन खाली येतो. एकशे अठरा-एकशे अठरा बरोबरी, आणि देशेनचे सामने आठ कमी. गाव माझं तोंड बघणार नाही.

तिसरं कुठलं मन नाही. म्हणजे मला तरी ऐकू येत नाही.

२१ जानेवारी, रविवार
चर्चला गेलो. पाद्री काय बोलले काही कळलं नाही.

ऑरेस्टने परतताना गाडीत विचारलं, "झोपत नाहीस तू. काय झालंय?"

"काही नाही. यादीचं."

"हं," म्हणाला. पाच मैलांनी परत, "मार्लीन, मला सांगण्यासारखं काही असलं तर मी ऐकतो हं. डावा कान नीट आहे."

मी म्हटलं, पुढे बघून चालव, रस्त्यावर हरणं आहेत. हरणं नव्हती.

२५ जानेवारी, गुरुवार
हार्वी स्वतः घरी आला. चाळीस मैल, असल्या वाऱ्यात. बटाट्याचं सारण भरलेले पेरोगी खाल्ले, आणखी मागून घेतले, आणि मग कागद पुढे केला.

"ती जोसी नसती भुतं उकरतेय. शीट हरवलं तर हरवलं. तू फक्त एवढ्यावर सही कर. त्या सामन्याची नोंद रेफरीच्या सांगण्याप्रमाणे अचूक होती, बस्स. तुझा शब्द म्हणजे शीटच."

"आणि नसली अचूक तर?"

तो हसला. मग माझं तोंड पाहून थांबला. "मार्लीन, अशी गंमत करू नकोस. फलक रंगवलाय. ड्वेनची विमानाची तिकिटं निघालीत. पोरं रस्त्यावर नऊ नंबरचे शर्ट घालून खेळतात. आणि पास तरी कुणाचा होता? कुणाच्या खिजगणतीत तरी आहे का?"

ऑरेस्ट शेगडीपाशी पाठ करून उभा होता. त्याने केटल उचलली, हार्वीच्या कपात आणखी पाणी ओतलं. हात अगदी स्थिर.

"साखर?" त्याने विचारलं.

मी सही केली नाही. म्हटलं, ठेवून जा, उद्याच्या बैठकीपर्यंत देते. हार्वी गेल्यावर ऑरेस्ट बाहेर जाऊन अर्धा तास अंगणातला बर्फ ओढत राहिला. सकाळीच ओढलेला होता.

त्या पाठीकडे खिडकीतून बघत होते मी. पंचेचाळीस वर्षांत मी एकदासुद्धा, खरं सांगते एकदासुद्धा, असा विचार केला नव्हता की तो पॉइंट कुणाचा तरी होता. मी नेहमी धरून चालले की मी काहीतरी दिलं. कुणाकडून काढून घेतलं, हे डोक्यातच आलं नाही. आणि तो माणूस रोज माझ्यासमोर बसून अंडी खातो.

२६ जानेवारी, शुक्रवार
फोनवरची बैठक दहाला. सात जण. मी स्वयंपाकघरात, दार लावून.

हार्वीने सुरुवात केली, "मार्लीन आता एक निवेदन वाचेल." त्याच्या आवाजात लोणी होतं.

कागद समोर होता. मी तो उपडा घातला आणि म्हटलं, "रेफरीने मला बारा, चार, सोळा सांगितलं. मी सोळाच्या जागी नऊ लिहिलं. चूक नाही, मुद्दाम लिहिलं. ड्वेन मॅकफेल तेव्हा बाकावर होता. त्याचे पॉइंट एकशे अठरा."

मला वाटलं फोन तुटला.

मग सेंट-बेनवाचा म्हातारा प्रतिनिधी खोकला आणि म्हणाला, "मादाम, साठेक वर्षं मी देशेनसाठी भांडतोय. असं जिंकायला मजा नाही येत." हार्वी ओरडला की पंचेचाळीस वर्षांनी शीट बदलता येत नाही. जोसी म्हणाली येतं, लीगच्या नियमात आहे, मूळ स्कोअररने सही करून दुरुस्ती दिली तर येतं, मुदत घातलेलीच नाही. कुणाला वाटलंच नव्हतं की इतक्या उशिरा कुणी येईल.

हार्वीने शेवटी विचारलं, "का केलंस पण? निदान ते तरी सांग."

"गावासाठी," मी म्हटलं.

चारास तीन. देशेन पहिला, ड्वेन दुसरा. चौथं मत माझं.

दार उघडलं तर ऑरेस्ट दाराशीच उभा. उजवा कान दाराकडे, म्हणजे बहिरा कान. त्याने ऐकलं की नाही मला समजलं नाही. म्हटलं, "झालं एकदाचं." तो म्हणाला, "बरं." आणि तळ्यावर मासे धरायला गेला.

२७ जानेवारी, शनिवार
बर्टने रिंकवर माझ्याकडे पाठ फिरवली. त्याची बायको कुजबुजली नाही, मोठ्यानेच म्हणाली, "आपल्याच पोराला खाली ओढायचं म्हणजे कमाल आहे." कुणीतरी आमच्या पत्रपेटीवर नऊचा आकडा फवारलाय. लाल. वळण चांगलं आहे हो.

ड्वेनचा फोन आला नाही. जेवणालाही येणार नाहीत, असं हार्वीकडून कळलं.

वाईट वाटायला हवं तेवढं वाटत नाही. आश्चर्य आहे.

३० जानेवारी, मंगळवार
जोसीचं पाकीट आलं. तिला वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरच्या मुलीकडे मूळ निगेटिव्ह मिळाली. छापताना दोन्ही बाजू कापल्या होत्या. हा पूर्ण फोटो, छपराजवळच्या फळीवरून काढलेला, सबंध रिंक दिसते. चिठ्ठीत एवढंच, "तुमच्याकडे असावा असं वाटलं."

मधे गोल. डावीकडे बाक, नऊ नंबर. उजवीकडे माझी पेटी. काचेला लागून बर्फावर एक खेळाडू आडवा, एक पाय भलत्याच दिशेला. पाठीवर सोळा. माझ्यापासून हातभर अंतरावर. पेटीत मी, लाल टोपी, चोवीस वर्षांची. हातात पेन आहे, पण मी लिहीत नाही. गोलकडे बघत नाही. खाली पडलेल्याकडे बघत नाही. सगळी रिंक ओलांडून समोरच्या बाकाकडे बघतेय. तोंड उघडं आहे, असं की कुणी हाक मारली असती तर ऐकू आली नसती.

मी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. ही बाई गावासाठी काही करत नाही, हे कुणालाही दिसेल. मलाच दिसायला एवढी वर्षं लागली.

ऑरेस्ट भिंग घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसला. फोटो लपवायला वेळ होता. लपवला नाही.

"ही टोपी तुला शोभायची," तो म्हणाला.

"ऑरेस्ट."

"मी खालून तुला हाक मारली होती. काचेवर ठोकलंही. मला वाटलं, डॉक्टरला बोलाव म्हणून सांगावं." त्याने भिंग खाली ठेवलं. "मग तू माइकवर नऊ वाचलंस."

तो उठला, फडताळातून माशांच्या गळांचा डबा काढला, आणि वरचा खण उचलून खालून घडी घातलेला गुलाबी कागद माझ्यापुढे ठेवला. तीन मार्चचं शीट. त्या दिवशी इस्पितळात नेण्याआधी कोचला म्हणाला होता म्हणे, मला बघू द्या. मिळालं ते परत दिलंच नाही.

मला रडू आलं. म्हटलं, "इतकी वर्षं बोलला का नाहीस? आणि त्याच उन्हाळ्यात मला लग्नाचं विचारलंस, ते तरी कसं?"

"ड्वेन गेला होता ना मोठ्या लीगला," तो म्हणाला. "म्हटलं, आता समोरचा बाक रिकामा आहे. कधीतरी इकडे बघेल."

लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खाली त्याच्याबद्दल इतकं काही दाटून आलं की त्याचा हात धरून बसले. बोर्श्ट उतू गेलं ते दोघांनीही पाहिलं आणि कुणी उठलं नाही.

मग त्याने पेन दिलं. दुरुस्तीची आमची रीत आहे. खोडायचं नाही, एक आडवी रेघ मारायची म्हणजे जुना आकडा वाचता येतो, वर नवा लिहायचा, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख. नऊवर रेघ मारली. सोळा लिहिलं. मा. हा., ३० जानेवारी २०२४.

"आता वाच," तो म्हणाला. "माइकवर वाचायचीस तसं."

"वेडा आहेस का?"

"वाच ना. तेव्हा ऐकायचं राहिलं."

मी उभी राहिले. शेगडीकडे पाठ, समोर तो, मधे टेबल. "ब्रॅन्सफोर्डचा गोल. बारा नंबर, लॉयड फ्रीसन. असिस्ट, चार नंबर, रेमंड क्रो. आणि सोळा नंबर, ऑरेस्ट हावरिश. वेळ, अठरा मिनिटं सहा सेकंद."

त्याने डोकं किंचित वळवून डावा कान माझ्याकडे केला.

"मोठ्याने," तो म्हणाला. "आणि इकडे बघून."